घोरपडीचं स्टेअरिंग

गाडी दुरुस्तीला नेली की भरमाण्णा मगदूम आधी मालकाचे हात बघत. ‘दाखवा,’ म्हणायचे, आणि माणूस गोंधळून दोन्ही तळवे पुढं करायचा. वकील असो, ट्रकवाला असो, कुणाची सुटका नव्हती. ते तळवे उलटेपालटे करायचे, बोटांच्या बुडाशी अंगठ्यानं दाबायचे आणि मगच बॉनेटकडं वळायचे. मला पहिल्यांदा हात दाखवायला लावले तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेला माणूस. माझे तळवे त्याआधी कुणी बघितले असतील तर ते शाळेत, छडी मारायला.

माझी गाडी डावीकडं ओढत होती. बेळगावात टिळकवाडीतल्या दोन गॅरेजांत दाखवून झालं होतं, चाकं काढून घालून झाली होती, फरक शून्य. आण्णांनी माझे तळवे बघितले आणि गाडीला हातही न लावता म्हणाले, ‘गाडी न्हाय ओढत सर. तुम्ही ओढताय. उजवा हात खिडकीत टाकून एका हातानं चालवताय न्हवं?’

‘हो.’

‘मग डावा हात डावीकडंच ओढणार की. बैलालाबी दोन कासरे असतात.’

गाडी जशी नेली तशीच परत आणली. दोन्ही हातांनी चालवत आणली आणि ती सरळ आली. त्या माणसाचा मला मनापासून संताप आला, आणि आठ दिवसांनी काही काम नसताना मी पुन्हा त्यांच्याकडं गेलो. मग जातच राहिलो. निवृत्त माणसाला घरात कुणी काही विचारत नाही, तिथं निदान कुणीतरी चुका काढत होतं.

आण्णा जाऊन आता सहा महिने झाले. त्यांच्या शेडमध्ये फरशीचं गोडाऊन झालंय. घरी भेटायला बरीच माणसं गेली म्हणे, आयुष्यभर ज्यांना त्यांनी फटकारलं तीसुद्धा. मी गेलो नाही. का गेलो नाही ते एकदा सांगून टाकावं म्हणून हे लिहितोय.

त्यांचं वर्कशॉप उद्यमबागेच्या मागच्या अंगाला होतं. पाटी नव्हती. पत्र्याची शेड, एक खड्डा, एक जुनं लेथ मशीन आणि भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पान्हे. आण्णा निपाणी-चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातले. बोलायचे मराठी, मोजायचे कन्नडात, आणि शिव्याही कन्नडातच द्यायचे. माप घेताना ‘ओंदु, यरडु, मूरु’ असं पुटपुटणं चालायचं, त्यात मध्ये कुणी बोललेलं खपायचं नाही. दिवस मावळायच्या आत जेवण, त्यामुळं संध्याकाळी साडेपाचला पान्हा जिथं असेल तिथं थांबायचा. गाडी जॅकवर असो नाहीतर मालक हातघाईवर आलेला असो, आण्णा हात धुऊन डबा उघडायचे. बरेच दिवस बंद पडलेली गाडी आली तर बॉनेटवर चार थापा मारून ते बाजूला व्हायचे आणि दिवसभर तिला शिवायचे नाहीत. आत कुणी घर केलं असेल तर त्याला निघायला वेळ मिळावा. उंदरा-मुंगीला एवढी सवलत देणारा हा माणूस गिऱ्हाइकाला मात्र सवलत म्हणून देत नसे.

त्यांचा एक नियम होता. स्टेअरिंगच्या दांड्याला वेल्डिंग नाही. चासीला करा, सायलेन्सरला करा, सीटला करा. दांडा मात्र अख्ख्या लोखंडातून लेथवर कातायचा, त्याला दाते पाडायचे, दात्यांत दाते बसवायचे आणि वर बोल्ट आवळायचा. ‘वेल्ड सुटताना सांगून सुटत न्हाय,’ ते म्हणायचे.

गुंजीकडचा एक ठेकेदार एकदा जीप घेऊन आला. काम ब्रेकचं होतं. आण्णांनी खाली वाकून बघितलं तर स्टेअरिंगच्या दांड्यावर मधोमध वेल्डिंगची गाठ.

‘हे कुणी केलं?’

‘ते असू दे वो. दोन वर्सं चाललंय. तुम्ही ब्रेकचं बघा.’

आण्णा आत गेले, करवत घेऊन आले आणि त्या माणसाच्या डोळ्यांदेखत दांडा बरोबर त्या गाठीवर कापायला लागले. दहा मिनिटं कापत होते. ठेकेदार आधी ओरडला, मग अंगावर धावून गेला, मग दमून टायरवर बसला.

‘आता मी घरी कसा जाऊ?’

‘गुंजीला रेल्वे हाय की,’ आण्णा म्हणाले.

ठेकेदारानं पोलिसांत तक्रार दिली आणि आण्णांना अर्धा दिवस चौकीत बसवून ठेवलं. मी त्यांना म्हणालो, समजावून सांगता आलं असतं. तर म्हणाले, ‘समजावून सांगितलेली माणसं मी दरीत बघितल्यात, सर.’ जीप चार दिवसांनी नवा दांडा घेऊन गेली. ठेकेदारानं पुन्हा तोंड दाखवलं नाही, आभार तर सोडाच. आण्णांचं बरोबर होतं हे मला मान्य आहे. पण त्या दहा मिनिटांत त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मला आवडलं नव्हतं. बरोबर असायची त्यांना चटक लागली होती, आणि तशा माणसाकडून काही करून घ्यायचं झालं तर खरं सांगून काम होत नाही हे लोकांना ठाऊक असतं.

पॉवर स्टेअरिंग म्हटलं की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. आता सगळ्या गाड्या तशाच येतात, त्या ते दुरुस्त करायचे, पण ज्या गाडीला ते मुळात नाही तिला बसवून द्या म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवायचे. ‘भाकरीचं पीठ हाताला कळतं, सर. पाणी जास्त झालं, कमी झालं, बाईच्या हाताला कळतं. तसं चाकाखाली वाळू हाय का डांबर हाय, हाताला कळाया पायजे. मधी मोटार घातली की हात आंधळा झाला.’ मी एकदा म्हणालो, म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं मग? ‘म्हाताऱ्यांनी गाडी इकायची आणि यष्टीनं जायचं,’ आण्णा म्हणाले. तेव्हा ते स्वतः सत्तरीला टेकले होते.

पॉवर स्टेअरिंग बसवून न देण्याचा हा नियम त्यांनी एकाच माणसासाठी मोडला.

बापूसाहेब निपाणीचे, तंबाखूच्या वखारीवाल्या घरातले. आण्णांचे वडील त्यांच्याच वखारीत तंबाखू घालायचे आणि ही दोन पोरं तेव्हापासूनची दोस्त. चारचौघांत आण्णा त्यांना बापूसाहेब म्हणत, शेडमध्ये आम्ही तिघंच असलो की बापू. बापूसाहेब मात्र कुठंही आणि कुणापुढंही भरमाच म्हणत. मला ते खटकायचं. आण्णांना कधी खटकलं नाही.

तरुणपणी बापूसाहेबांनी कुठूनतरी एक जुनी इंग्रजी स्पोर्ट्‌स गाडी मिळवली होती. दोन माणसांची, कापडी टपाची, जमिनीला चिकटून पळणारी. निपाणीत तिला घोरपड म्हणत. तिचं मूळचं इंजिन कायमचं बंद पडलं तेव्हा या दोघांनी मोडीत निघालेल्या एका मोठ्या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन तिच्यात कोंबलं. त्यासाठी पुढचा सांगाडा वाढवला, चाकं रुंद केली. गाडी मग वाऱ्यासारखी पळायची, पण सगळं वजन पुढं आल्यामुळं स्टेअरिंग असं जड झालं की उभ्या गाडीत ते फिरवणं म्हणजे कुस्तीच. बापूसाहेब तालमीतले. त्यांना ते जमायचं, आणि दुसऱ्या कुणाला जमत नाही याचा त्यांना केवढा अभिमान! आण्णांनाही जमायचं, पण ते तसं कधी बोलून दाखवत नसत.

बापूसाहेबांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावरलं, पण डावा हात कमरेच्या वर उचलेना. गिअरच्या दांड्यापर्यंत पोचायचा, स्टेअरिंगपर्यंत नाही. चार-पाच महिन्यांनी ते शेडवर आले, मुलानं आणून सोडलं. मी तिथंच होतो.

‘भरमा, पावर स्टेअरिंग घालतोस घोरपडीला?’

आण्णांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

‘एकदा तवंदी घाट उतरायचा हाय मला तिच्यातनं. एकदाच. मग गेलो तरी चालतंय.’

‘डॉक्टर काय म्हणतोय?’

‘डॉक्टर स्कूटर चालवतोय. त्याला काय कळतंय?’

आम्ही हसलो. बापूसाहेबही हसले आणि हसता हसता रडायला लागले. पैलवानी अंगाचा म्हातारा माणूस रडतो तेव्हा कुठं बघावं ते कळत नाही. आण्णांनी लेथ मशीनकडं तोंड फिरवलं.

‘घेऊन ये जा,’ ते म्हणाले.

घोरपड दुसऱ्या गाडीवर चढवून आणली. कित्येक महिने वखारीत उभी होती, आत तंबाखूची धूळ बसलेली. पहिले आठ दिवस शेडमध्ये जो येईल तो शिंकायचा. आण्णांनी बॉनेटवर थापा मारल्या, एक दिवस वाट बघितली आणि कामाला लागले.

सुरुवातीचे तीन महिने तेलाच्या पंपात वाया गेले. पंप इंजिनाच्या पट्ट्यावर बसवायचा तर त्या कोंबलेल्या इंजिनाशेजारी बोट घालायला जागा नव्हती. आण्णांनी तीन वेळा बसवला आणि तीन वेळा काढला. शेवटी एका अपघातात चेपलेल्या छोट्या गाडीतलं विजेचं पॉवर स्टेअरिंग आणलं. त्यात पंप नसतो, तेल नसतं. स्टेअरिंगच्या दांड्यावरच एक मोटार असते आणि ती तुमच्याबरोबर ढकलते. ते घोरपडीच्या डॅशबोर्डखाली बसवायचं म्हणजे वर तिचा दांडा, खाली तिचा दांडा आणि मध्ये परक्या गाडीची मोटार. तिघांचे दाते वेगळे. जोड अख्ख्या पोलादातून कातायचे होते आणि आण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनची तारीख ठरली होती, ती त्यांनी पुढं ढकलली. जोड तीनदा कातला. पहिल्या दोन वेळा केसाएवढी ढिलाई राहिली होती, ती मला दिसत नव्हती, त्यांना हाताला कळत होती. बाकीची गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडं गेली. आण्णांच्या बायकोनं मला एकदा विचारलं, ‘सर, त्या गाडीत काय हाय एवढं?’ मी म्हणालो, बापूसाहेब आहेत. त्या म्हणाल्या, ‘मग मरू दे,’ आणि आत गेल्या.

मोटार बसली तेव्हा निराळीच अडचण निघाली. ती मोटार गाडीचा वेग किती हे विचारून मदत करते. घोरपडीला ते सांगता येत नव्हतं, त्यामुळं ती उभ्या गाडीत जेवढी मदत करायची तेवढीच भर वेगात. ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग लोण्यासारखं. आण्णा पहिल्या फेरीहून परत आले ते पांढरे पडून. ‘ह्यात बापू मरंल,’ म्हणाले. मग माझ्याकडं वळले. ‘सर, तुम्ही चाळीस वर्सं काय शिकवलंय?’

खरं उत्तर असं की मी चाळीस वर्षं फळ्यावर सर्किटं काढली आणि त्यातली बरीचशी मी स्वतः कधी जोडून बघितली नव्हती. पण मी हो म्हणालो. गिअरबॉक्सपाशी एक लोहचुंबक, त्याच्यासमोर एक सेन्सर, आणि गाडीचा वेग त्या मोटारीला कळेल अशा भाषेत सांगणारी एक डबी. सांगायला सोपं, करायला मला दोन महिने लागले. घरात टेबलभर तारा पसरल्या. नातू विचारायचा, आजोबा काय करतात? आणि मला सांगायला काहीतरी होतं. इतका आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे केलं ते या आनंदापायी केलं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी बापूसाहेबांच्या मुलाचा, विनयचा, फोन आला.

‘सर, काम कवा संपतंय वो? बंगळूरची पार्टी घाई करायलीय.’

‘कसली पार्टी?’

‘घोरपडीचं गिऱ्हाईक. पावर स्टेअरिंग बसल्याबिगर घेत न्हाय म्हणतंय. त्या जड स्टेअरिंगमुळंच आजवर कोण घेईना हुतं.’

‘आण्णांना माहीत आहे?’

‘न्हाय न्हाय. काम झाल्यावर सांगूया म्हणालेत बाबा. तुम्हीबी काय बोलू नका हं.’

मी ठीक आहे म्हणालो. फोन ठेवला आणि टेबलावरच्या त्या डबीकडं बघितलं. आदल्याच दिवशी तिचा दिवा पहिल्यांदा बरोबर लुकलुकला होता. आण्णांना सांगितलं असतं तर ते करवत घेऊन उठले असते, आणि माझी डबी टेबलावरच राहिली असती. आज सांगू, उद्या सांगू, असं मी स्वतःला म्हणत होतो. नंतर तेही म्हणायचं सोडून दिलं.

दिवाळीनंतर डबी बसवली. चालली! उभ्या गाडीत एका बोटानं फिरणारं स्टेअरिंग वेग वाढेल तसं हळूहळू जड होत जायचं. आण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन कंग्राळीच्या शेतांतल्या रस्त्यावर गेले. तिथं गाडी थांबवून त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि माझ्या हातात दिला.

‘माझं डावं कोपर कमरंला बांधा. गिअरपतोर हात जाईल एवढंच ढिलं ठेवा.’

‘कशाला आण्णा?’

‘बापूचा हात तेवढाच चालतोय न्हवं?’

मी बांधलं. सत्तरीचा माणूस, एक हात कमरेला बांधलेला, उसाच्या मधून ती बुटकी गाडी चालवत निघाला. जाऊन आला, वळवून आला. घामाघूम झाला होता, पण हसत होता. मग म्हणाला, ‘आता शेजारी बसा आणि वळणावर फ्यूज काढा.’

‘वेड लागलंय का?’

‘बापू एकलाच असंल आणि फ्यूज उडाला तर? काढा म्हणतोय न्हवं.’

मी फ्यूज काढला. मोटार मेली आणि स्टेअरिंग मूळच्यासारखं जड झालं. एका हातानं आण्णांनी जीव खाऊन ते ओढलं, तरी घोरपड बांध ओलांडून उसात घुसली आणि बंद पडली. आम्हाला काही झालं नाही. आण्णा स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसले. ‘न्हाय जमत,’ म्हणाले. ‘माझ्या एका हाताला जमत न्हाय, तर त्याला कुठलं?’

त्यानंतर पाच आठवडे ते पुन्हा राबले. दुसरी बॅटरी, दुसरा फ्यूज, एक लाईन गेली तर दुसरी आपोआप चालू व्हावी, वर सावध करायला भोंगा. शेजारी बसून तारा जोडून देत होतो मी. रोज. तोंड उघडायला पाच आठवडे होते माझ्याकडं.

डिसेंबर संपता संपता गाडी तयार झाली. आण्णांनी बापूसाहेबांना निरोप धाडला. त्या दिवशी आण्णा धुतलेला शर्ट घालून आले, गाडीला स्वतः फडकं मारलं. दुपारी दोन गाड्या आल्या. एकीतून विनय आणि एक चाळिशीचा माणूस उतरला. दुसरीत मागं बापूसाहेब होते. ते उतरले नाहीत. काच वर होती.

विनयनं दारातच सांगून टाकलं. ‘आण्णा, हे बंगळूरचे साहेब. आपली गाडी ह्यांनी घेतलीय.’

आण्णांनी आधी विनयकडं बघितलं, मग त्या बंद काचेकडं. मी करवतीकडं बघितलं, ती भिंतीवर होती. आण्णा तिकडं गेले नाहीत, काचेकडंही गेले नाहीत. त्या बंगळूरच्या माणसाला ते कन्नडात ‘या, बसा’ म्हणाले आणि दीड तास त्याला एक एक गोष्ट समजावून सांगितली. वाईट याचं वाटतं की तो माणूस चांगला होता. डॅशबोर्डखाली उताणा झोपून त्यानं बॅटरीच्या उजेडात तो जोड बघितला आणि कितीतरी वेळ बाहेरच आला नाही. वेल्ड कुठंच नाही, तो उठून म्हणाला. आठ महिन्यांत त्या कामाची खरी किंमत कळलेला तो एकटाच.

घोरपड गेली. बापूसाहेबांची गाडीही गेली. साडेपाच वाजले तरी आण्णांनी डबा उघडला नाही. मग मला म्हणाले, ‘सर, तुमच्या डबीचं लई कौतुक केलं त्यांनी. तुमचं नाव सांगितलंय मी.’ मी मान हलवली. तेव्हाही फोनचं सांगितलं नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन उशिरा झालं. डावा डोळा पुरता आला नाही, त्यामुळं लेथवर बसणं संपलं. शेड महिन्यातून चार दिवस उघडायची. बापूसाहेबांचं नाव ते काढत नसत आणि कुणी काढलं तर उठून जात. मला मात्र चहा पाजायचे. ‘तुम्हालाबी फसवलं त्यांनी,’ असं एकदा म्हणाले, आणि मी तो चहा प्यालो.

वर्षभरानं विनयचा फोन आला. बापूसाहेब अंथरुणाला खिळले आहेत, भरमाला आणा म्हणतात. आण्णा येतील असं मला वाटलं नव्हतं. ते ‘चला’ म्हणाले आणि टोपी घालून माझ्या गाडीत बसले.

निपाणीच्या त्या घरात बापूसाहेब अगदी हाडाला लागलेले होते. आण्णा खुर्ची ओढून बसले. मी दाराशी उभा राहिलो.

‘माझी डाव्या बाजूची नजर गेल्या, भरमा,’ बापूसाहेब म्हणाले. ‘झटक्यातच गेलती. गाडी चालवायची न्हाय हे मला तुझ्याकडं आलतो तवाच ठाऊक हुतं.’

आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘माझ्या मागनं पोरांनी ती भंगारात घातली असती. ज्याला चालवता येईल त्याच्याकडं जाऊ दे म्हणलं. आपण दोघांनी केलेली गाडी. तू इकायला म्हणून हात लावला असतास का?’

‘शिव्या दिल्या असत्या,’ आण्णा म्हणाले. ‘आठ दिस तोंड बघितलं नसतं तुझं.’ मग आवाज बदलला. ‘पण केलं असतं की रं बापू. तू सांगितलंस म्हणून केलं असतं. खोटं कशाला बोललास?’

‘रडलो ते खोटं नव्हतं.’

आण्णांनी त्यांचा तो लुळा हात आपल्या हातात घेतला. मला बरं वाटलं. मिटलं एकदाचं, असं वाटलं. माझंही त्यातच मिटून जाईल असं वाटलं, हे कबूल करतो.

बापूसाहेबांना हलकं वाटलं असावं. माझ्याकडं बघून हसत म्हणाले, ‘मला वाटलं सर तरी तुला सांगतील. विनयनं त्यांना फोनवर समदं सांगितलतं. पण सर बी पक्के निघाले.’

आण्णांनी हात हळूच खाली ठेवला आणि माझ्याकडं वळले.

‘कवा?’

‘दिवाळीच्या आधी.’

ते मनातल्या मनात मोजत होते. ओठ हलत होते.

‘म्हणजे कंग्राळीला माझा हात बांधला तवा तुम्हाला ठाऊक हुतं.’

‘हो.’

‘टॉवेल तुम्हीच बांधला हुता.’

‘हो, आण्णा.’

बापूसाहेब काहीतरी बोलायला लागले. आण्णा उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. मी मागोमाग गेलो. माझी गाडी दाराशीच होती, तिच्याजवळून ते न थांबता पुढं गेले. स्टँडपर्यंत मी त्यांच्या मागून चालत होतो आणि काय काय बोलत होतो ते आता आठवत नाही. चुकलं म्हणालो एवढं आठवतं. त्यांनी वळून बघितलं नाही.

बेळगावची बस लागलेली होती. ते चढले आणि खिडकीशी बसले. मी खाली उभा राहिलो.

‘आण्णा, एवढ्या लांब बसनं कशाला? चला की गाडीतनं.’

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत ते मला टोचून बोलले होते, हसले होते, त्यांनी माझ्या चुका काढल्या होत्या. त्यातलं काहीच आता त्या तोंडावर नव्हतं.

‘तुम्ही जावा, सर,’ ते म्हणाले. ‘तुमची डबी चांगली चालली.’

त्यांनी तोंड फिरवलं आणि कंडक्टरला कन्नडात मोठ्यानं विचारलं, बस सोडणार आहेस की नाही.